आधी सभा, मग धनादेश

माझ्या आजोळी, अकोले तालुक्यातल्या डोंगरात, वाडीच्या वरच्या अंगाला सिमेंटची एक टाकी आहे. टाकीवर निळ्या रंगात पैसे देणाऱ्यांचं नाव, खर्चाचा आकडा आणि उद्घाटनाची तारीख रंगवलेली आहे. बांधकाम दणकट आहे, कुठे तडा नाही. पण तिच्यात पाणी नसतं. ज्या झऱ्यावरून तिला पाइप जोडला तो होळी झाली की आटतो, आणि वाडीला पाण्याची ओढ लागते ती होळीनंतर. हे माझ्या मावशीला ठाऊक होतं, तिच्या सासूबाईंना ठाऊक होतं, गुरं राखणाऱ्या पोरांनाही ठाऊक होतं. जागा बघायला पाहुणे आले ते पाऊस उघडता उघडता. तेव्हा झरा खळाळत होता, आणि झऱ्याबद्दल कुणाला काही विचारायची गरज वाटली नाही.

पैसे देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. मावशी आजही त्यांच्याबद्दल वाईट बोलत नाही. पण त्या कोरड्या टाकीमुळे मला एक प्रश्न लागून राहिला: गावासाठी आलेल्या पैशाचं काय करायचं हे ठरवतं कोण?

अनुदान म्हणजे परत न करायचा पैसा. तो सरकारकडून येतो, एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीतून येतो, नाहीतर कुणा दानशूर माणसाकडून येतो. नेहमीची वाट अशी असते: देणारा आधी विषय ठरवतो, मग एखादी संस्था प्रस्ताव लिहिते, शहरातल्या एका टेबलावर तो मंजूर होतो, कंत्राटदार काम करतो आणि शेवटी फीत कापली जाते. या सगळ्या कागदांत गावाचं नाव ‘लाभार्थी’ या रकान्यात येतं. लोकांच्या हाती निर्णय असलेल्या अनुदानात हा क्रम उलटा होतो. काय करायचं, कुठे करायचं, कामावर कोण जाणार, हिशेब कोण ठेवणार, मोडलं तर दुरुस्त कोण करणार, हे गाव ठरवतं. देणाऱ्याच्याही अटी असतातच, आणि चांगल्या कडक असतात. पण त्या निर्णय कसा घ्यायचा याबद्दलच्या असतात: सभा सगळ्यांची हवी, हिशेब उघड हवा, देखभालीची जबाबदारी लिहून दिलेली हवी. निर्णय कोणता, यात देणारा पडत नाही. बोलायला हे सोपं आहे. करायला किती अवघड, ते पुढे येईलच.

डोंगराळ भागात याची गरज जास्त असते, त्याला कारण आहे. सपाटीवर एक नमुना शंभर गावांना चालून जातो. डोंगरात शेजारच्या दोन वाड्यांचं पाणी वेगळं, उतार वेगळा, दरड कोसळायची जागा वेगळी. घरं विखुरलेली आणि माणसं थोडी, त्यामुळे माणशी खर्च जास्त येतो आणि मोठ्या योजना तिथवर पोचता पोचता दमून जातात. काम करायला वर्षातले मोजके महिने मिळतात. शिवाय पाट फुटला, पूल वाहून गेला, तर तालुक्याहून माणूस येईपर्यंत हंगाम निघून गेलेला असतो. दुरुस्ती गावालाच करावी लागते. मग बांधताना जे गाव सभेला बसलंच नव्हतं, ते दुरुस्तीला कसं उभं राहणार?

या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात पक्कं उत्तर काराकोरममध्ये सापडतं. गिलगिट, हुंझा, बाल्टिस्तान आणि शेजारचं चित्राल या भागांत हिमालय, काराकोरम आणि हिंदुकुश जवळजवळ येतात. आज हा टापू पाकिस्तानच्या ताब्यात आहे. दऱ्यांमध्ये पाऊस इतका कमी की पाण्याच्या ओंजळीशिवाय गवताचं पातंही उगवू नये. शेती होते ती हिमनद्या वितळून येणाऱ्या पाण्यावर. कड्यांच्या पोटातून काढलेले पाट ते पाणी शेतात आणतात. पाणी राखाडी असतं, गाळाने भरलेलं. म्हणून दर वर्षी सगळ्या गावाने मिळून पाट उपसावा लागतो.

पूर्वी हुंझासारख्या संस्थानांत हे काम मीर, म्हणजे तिथले राजे, हुकमाने करून घेत. त्यात वेठबिगारी होती, जुलूम होता. १९७० च्या दशकात ही संस्थानं संपली. वेठ गेली ते चांगलंच झालं. पण गावाला एकत्र बोलावणारा जो एक आवाज होता, तोही तिच्याबरोबर गेला आणि त्याच्या जागी दुसरं काही उभं राहिलं नव्हतं. त्याच सुमारास काराकोरम महामार्ग झाला, बाजार दारात आला आणि तरुण मुलं कराचीची वाट धरू लागली.

डिसेंबर १९८२ मध्ये तिथे ‘आगा खान रूरल सपोर्ट प्रोग्राम’ सुरू झाला. त्याची धुरा होती शोएब सुलतान खान यांच्याकडे. मुरादाबादला १९३३ साली जन्मलेला हा माणूस पाकिस्तानच्या सनदी सेवेतून आलेला. त्यांचे गुरू अख्तर हमीद खान. तेही आयसीएस या इंग्रजी अमदानीतल्या सनदी सेवेतले, बंगालच्या दुष्काळानंतर नोकरी सोडून बाहेर पडलेले, पुढे आताच्या बांगलादेशातल्या कोमिलाच्या ग्रामविकास अकादमीमुळे आणि कराचीच्या ओरंगी वस्तीतल्या कामामुळे ओळखले गेलेले. दोघांनाही मॅगसेसे पुरस्कार मिळाला, गुरूंना १९६३ मध्ये आणि शिष्याला १९९२ मध्ये. दोघांच्याही विचाराचं मूळ शोधत गेलं तर जर्मनीतला १९व्या शतकातला रायफायझन भेटतो. एकट्या गरिबाला पत नसते, संघटित गरिबांना असते, हे आपल्या पतसंस्थांनी आणि सहकारी सोसायट्यांनी ज्याच्याकडून उचललं, तोच तो.

शोएब खान गावात जायचे तेव्हा समोर मागण्यांची यादी यायची. शाळा, दवाखाना, रस्ता, वीज. ते नम्रपणे सांगायचे की ही यादी पुरी करायला मी आलेलो नाही. तुमच्या गावाशी भागीदारी जमते का, ते बघायला आलो आहे. मग संवाद सुरू व्हायचा. त्याचे तीन टप्पे असत आणि या पद्धतीचा सगळा जीव त्या तीन टप्प्यांत आहे.

पहिल्या सभेत अख्ख्या गावापुढे एकच प्रश्न ठेवला जायचा: असं एक काम सांगा, ज्याचा फायदा गावातल्या बहुतेक सगळ्या घरांना होईल, जे तुम्ही स्वतः करू शकाल आणि पुढे स्वतः सांभाळू शकाल. एकच काम. हे ‘एकच’ फार महत्त्वाचं. दहा कामं सांगायची मोकळीक असली की प्रत्येक भावकी आपलं काम यादीत घालते आणि कुणाला कुणाशी बोलावं लागत नाही. एकच सांगायचं म्हटलं की वरच्या आळीला खालच्या आळीशी बोलावंच लागतं. बहुतेक गावांनी पाट सांगितला. काहींनी जोडरस्ता, कुणी पूल, कुणी पुरापासून शेत वाचवणारी भिंत.

दुसऱ्या टप्प्यात इंजिनिअर यायचा, पण एकटा फिरायचा नाही. गावातले जाणते लोक बरोबर असत. कोणत्या घळीतून बर्फाचा लोट उतरतो, कोणता खडक पाणी पितो, पाटाचं तोंड कुठे धरलं तर उन्हाळ्याच्या पुरात वाहून जाणार नाही, हे त्यांना माहीत. उतार किती ठेवायचा आणि सुरुंगाला किती खर्च येईल, हे इंजिनिअरला माहीत. अंदाजपत्रक दोघांच्या ज्ञानातून बनायचं. हा भाग वाचताना मला दर वेळी आमच्या वाडीची टाकी आठवते. झऱ्याबद्दल सांगणारी एक म्हातारी बाई त्या पाहुण्यांबरोबर चालत गेली असती, तर पाइप दुसऱ्या झऱ्याला जोडला गेला असता.

तिसऱ्या सभेत करार. गावाने ग्रामसंघटना करायची, अध्यक्ष आणि व्यवस्थापक निवडायचा. नियमित सभा घ्यायच्या. प्रत्येक सभेत प्रत्येक घराने बचत टाकायची, कितीही थोडी असो. काम गावाने करायचं आणि देखभालही गावानेच. हे सगळ्यांनी मान्य केलं की अनुदानाचा पहिला हप्ता मिळायचा आणि तो धनादेश भरसभेत दिला जायचा. बंद खोलीत प्रमुखाच्या हातात नाही, बायाबापड्यांपासून मुलाबाळांपर्यंत जे जमले असतील त्यांच्या डोळ्यांदेखत. रक्कम किती, हे सगळ्यांना कळलेलं असायचं. पुढचा हप्ता आधीचं काम झाल्यावर. गावात पैसा कुठे मुरतो हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या उघड्या धनादेशाची किंमत वेगळी सांगायला नको.

अनुदान गावाला एकदाच, एकाच कामासाठी. मग आयुष्यभराचा बदल त्यातून कसा होणार? इथे या पद्धतीचं खरं गणित आहे. पाट हे निमित्त. खरी कमाई म्हणजे सभेला बसायची सवय आणि बचतीची पेटी. पाटाने नवी जमीन भिजली की झाडं लावायची, चारा करायचा, तर कर्ज लागतं. ते कर्ज गटाच्या बचतीच्या जोरावर मिळू लागलं. गुरांना लस टोचायला, फळझाडांवरची कीड ओळखायला गावातल्याच माणसांना शिकवलं गेलं आणि त्यांच्या सेवेचे पैसे गावाने द्यायचे, असं ठरलं. बायकांच्या वेगळ्या संघटना उभ्या राहिल्या, भाजीपाला आणि कोंबड्यांपासून त्यांची सुरुवात झाली. चित्रालमध्ये पुढे याच रीतीने शंभरावर छोटी जलविद्युत केंद्रं झाली. ती गावांनी बांधली, विजेचा दर गावांनी ठरवला आणि चालवणारा माणूसही गावातलाच. त्या कामाला २००४ मध्ये ब्रिटनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. जागतिक बँकेने या कार्यक्रमाचं १९८७ पासून पुढे अनेकदा मूल्यमापन केलं, आणि आशियातल्या पुष्कळ ग्रामीण कार्यक्रमांनी तिथला पाढा गिरवला.

याच डोंगरांतलं शिमशाल हे गाव मला या विषयात फार जवळचं वाटतं. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या वर, वाखी बोलणाऱ्या लोकांचं. एव्हरेस्ट चढणारी पहिली पाकिस्तानी स्त्री समीना बेग इथलीच. महामार्गापासून गावापर्यंत दरीतून पायी यायला दिवसच्या दिवस लागत. १९८५ मध्ये रस्त्याचं काम सुरू झालं, सरकारचा पैसा, या कार्यक्रमाचा पैसा आणि गावकऱ्यांचे हात लागले, आणि २००३ मध्ये पहिली जीप गावात पोचली. अठरा वर्षं! कोणत्या प्रकल्पाच्या कागदावर अठरा वर्षांचा रकाना असतो? देणाऱ्यांचं वेळापत्रक तीन वर्षांचं असतं आणि डोंगराचं वेगळं.

पण शिमशालची खरी गोष्ट रस्त्याहून जुनी आहे. तिथे ‘नोमुस’ नावाची चाल आहे. एखाद्या घराला आपल्या जिवंत किंवा गेलेल्या माणसाच्या नावाने काही करायचं असलं, तर ते घर गावासाठी एक काम उचलतं: पूल, पायवाट, कुरणाकडच्या वाटेवरची भिंत नाहीतर निवारा. सामान आणि जेवण त्या घराचं, श्रम गावाचे. काम झालं की त्याला त्या माणसाचं नाव मिळतं, आणि पुढे ते नीट राखायचं कामही त्या घराकडे राहतं. आपल्याकडे इर्जिक असते, एकाच्या शेतात सगळ्यांनी नांगर घेऊन जायचं आणि त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. नोमुस ऐकताना मला तीच आठवली. फरक इतकाच की इथे शेत सगळ्यांचं असतं.

मला वाटतं, बाहेरच्या पैशाने पहिल्यांदा गावातली अशी रीत शोधावी. कुठल्याही डोंगरात ती सापडतेच. धुळ्याकडे पांझरेच्या काठी फड या सामूहिक सिंचनाच्या जुन्या पद्धतीत पाटकरी, जागले आणि हवालदार गावाने नेमलेले असत, त्यांची मजुरी गाव देई आणि पाण्याची पाळी कुणाची हे तेच सांभाळत. असं काही गावात जिवंत असताना त्याच्या डोक्यावर नवी समिती बसवली, तर दोन्ही मोडतात.

आता अडचणी. त्या लपवून हा लेख पुरा करता येणार नाही.

गिलगिटमध्ये बऱ्याच ग्रामसंघटना पाट पुरा झाल्यावर सुस्तावल्या. सभा विरळ झाल्या, बचत थांबली. अनुदानासाठीच जमलेलं गाव अनुदान संपल्यावर पांगलं, हा धडा तिथल्या लोकांनी मान्य केला. नंतर लहान संघटनांचे मोठे संघ बांधले गेले, म्हणजे एक गाव झोपलं तर शेजारचं जागं करील. काही भागांत धार्मिक पंथांवरून संशय होता, आगा खान हे इस्माइली पंथाचे इमाम असल्यामुळे इतर पंथांच्या काही पुढाऱ्यांनी लोकांना या कार्यक्रमापासून दूर राहायला सांगितलं. त्यावर उपाय एकच होता, शेजारच्या गावाच्या भरसभेत काय होतं ते लोकांनी डोळ्यांनी पाहणं. पण त्याला वर्षं गेली.

सगळ्यात मोठी अडचण ‘गाव’ या शब्दातच आहे. गिलगिटच्या दऱ्यांत जवळपास प्रत्येक घराकडे थोडी तरी जमीन असते, म्हणून पाट आला की थोडाफार फायदा सगळ्यांना. आपल्याकडच्या किती गावांत असं आहे? जिथे अर्ध्या घरांना जमीनच नाही, तिथे ‘गावाने ठरवलं’ म्हणजे गावातल्या चार मोठ्या घरांनी ठरवलं, असाच अर्थ निघण्याची भीती असते. सभेत कोण पुढे बसतं, कोण दाराशी उभं राहतं आणि कोण येतच नाही, हे बघितल्याशिवाय लोकांच्या निर्णयाचं कौतुक करू नये, असं माझं ठाम मत आहे.

गंमत वाटेल, पण गिलगिटचा हाच धागा पुढे आपल्या महाराष्ट्रातल्या वाड्यावस्त्यांपर्यंत आला आहे, आणि येता येता त्याने ही गाठ सोडवायचा प्रयत्न केला आहे. १९९० च्या दशकात संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाने दक्षिण आशियात गरिबी हटवण्याचा एक प्रकल्प घेतला. शोएब सुलतान खान त्याचे सल्लागार होते. भारतात त्यासाठी तेव्हाच्या आंध्रातले कर्नूल, महबूबनगर आणि अनंतपूर हे जिल्हे निवडले गेले. तिथे सगळ्या गावाची एक संघटना करण्याऐवजी गरीब घरांतल्या बायकांचे बचत गट बांधले, आणि त्या गटांची मिळून ग्रामसंघटना केली. सुरुवात जमीनवाल्यांपासून न करता जिच्याकडे काहीच नाही तिच्यापासून केली. आंध्र सरकारने ते काम राज्यभर नेलं, २०११ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान आलं आणि महाराष्ट्रात त्याला नाव मिळालं ‘उमेद’. आज आपल्याकडे ज्याला ग्रामसंघ म्हणतात, त्याला उमेदच्या ताया बोलताना ‘व्हीओ’ म्हणतात, म्हणजे व्हिलेज ऑर्गनायझेशन. गिलगिटमध्येही हेच नाव होतं, हे फार थोड्या जणींना माहीत असेल.

उमेदच्या पैशाची रचना समजून घेण्यासारखी आहे. गटाने आधी काही महिने पंचसूत्री पाळायची: नियमित बैठक, नियमित बचत, आपसात कर्ज, वेळेवर परतफेड आणि नीट नोंदी. मग फिरता निधी मिळतो. पुढे समुदाय गुंतवणूक निधी येतो. तो ग्रामसंघाला अनुदान म्हणून मिळतो, पण ग्रामसंघाकडून गटाला आणि गटाकडून बाईला कर्ज म्हणून जातो. गावाला तो परत करायचा नसतो, बाईला मात्र गावाला परत करायचा असतो. म्हणून एकाच रकमेतून आज एकीची शेळी, पुढच्या वर्षी दुसरीचं शिलाई मशीन उभं राहतं. कुणाला आधी, हे बायकाच ठरवतात. मी अशा एका बैठकीला मावशीच्या शेजारी बसले होते. तीन जणींना पैसे हवे होते आणि रक्कम एकीपुरतीच होती. तासभर बोलणं झालं. शेवटी ज्या बाईने मागितलंच नव्हतं, पण जिच्या घरी आजारपण चालू होतं, तिचं नाव निघालं. मागणाऱ्या तिघींतल्याच एकीने ते सुचवलं. बाहेरून आलेल्या कुठल्याही तपासनिसाच्या अर्जात ती माहिती नसती.

डोंगरातल्या आदिवासी गावांसाठी आणखी एक वाट आहे आणि तिच्याबद्दल बोललं जातं त्याहून जास्त बोलायला हवं. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा. त्याखालच्या गावांना २०१५ पासून राज्याच्या आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी थेट मिळतो. त्याला अबंध निधी म्हणतात, म्हणजे वरून विशिष्ट कामाला न बांधलेला. पायाभूत सोयी, वनहक्क आणि पेसाची अंमलबजावणी, आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षण, जंगल आणि वन्यजीव, अशा मोठ्या विषयांच्या आत काय करायचं ते ग्रामसभा ठरवते आणि पैसा ग्रामसभा कोषात येतो. सातपुड्यातलं धडगाव असो की सह्याद्रीतलं जव्हार, मोखाडा, अकोले, कागदावर हा अधिकार पक्का आहे. अडचण पुढे येते. एका ग्रामपंचायतीत पाच-सहा पाडे, सभा मोठ्या गावात, आणि डोंगरावरच्या पाड्याला दोन तास चालून यावं लागतं. तोवर ठराव लिहून झालेला असतो. महाराष्ट्राच्या २०१४ च्या पेसा नियमांत पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होऊन स्वतःची ग्रामसभा घेता येते. जिथे पाड्यांनी हे करून घेतलं, तिथे निदान सभा उंबऱ्याशी आली.

पुण्या-मुंबईचे, परदेशातले मराठी लोक डोंगरातल्या गावांना मदत करतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘काय हवंय?’ असा असतो. त्याऐवजी ‘तुमची सभा कधी असते, आम्ही येऊन मागे बसू का?’ असं विचारून बघावं. एखादी सभा ऐकल्यावर कळतं की गाव बोलतंय की एकच माणूस. दुरुस्तीसाठी पेटीत काय साठलंय तेही कळतं. आणि थांबावं लागतं. गाव तयार नसेल तर धनादेश खिशात ठेवून परत यावं लागतं. देणाऱ्याला हे जड जातं, मार्च जवळ आला की फारच जड जातं.

आमच्या वाडीत या दिवाळीनंतर बायकांची सभा झाली, मग ग्रामसभा. टाकी पाडायची नाही, असं ठरलं. खालच्या अंगाला जांभळीच्या झाडाशी जो बारमाही झरा आहे, तिथून सौर पंपाने पाणी टाकीत चढवायचं, दर घरामागे महिन्याला ठरलेली पट्टी काढायची आणि पंपाची किल्ली ग्रामसंघाकडे ठेवायची. अबंध निधीतून पैसे मागितले आहेत, मिळतील की नाही ठाऊक नाही. अंदाजपत्रक करायला माणूस येईल तेव्हा मावशीच्या सासूबाई त्याच्याबरोबर झऱ्यापर्यंत चालत जाणार आहेत, तेही ठरावात लिहिलंय. ठरावाचा फोटो मावशीने मला व्हॉट्सॲपवर पाठवला. खाली एकोणचाळीस सह्या आहेत आणि सात अंगठे.